डबा आणू नये

लग्नपत्रिकेच्या तळाशी आपल्याकडे 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात. माझ्या लेकीनं तिच्या नवव्या वाढदिवसाचं आमंत्रण स्वतःच तयार केलं, आणि तळाशी तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'कोणीही डबा आणू नये.'

मी वाचलं आणि काही बोलले नाही. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं.

गेली पाच वर्षं ती इतरांच्या वाढदिवसांना डबा घेऊन जाते. चौथ्या वर्षी तिला सिलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं. गहू, जव आणि राय या धान्यांमधलं ग्लुटेन तिच्या आतड्याला सोसत नाही, चिमूटभरही नाही. म्हणजे केक नाही, समोसा नाही, पिझ्झा नाही, आइस्क्रीमचा कोन नाही, सत्यनारायणाचा शिराही नाही. कुणाच्या घरी आमंत्रण आलं की मी आधी फोन करून विचारते, काय काय आहे? आणि त्यासारखं दिसेल असं काहीतरी तिच्या डब्यात भरून देते. त्यांचा केक चॉकलेटचा असेल तर हिच्या डब्यात नाचणीची चॉकलेटी वडी. सगळी मुलं टेबलाभोवती असतात, ही डब्याचं झाकण काढत असते. यजमानीण प्रेमानं म्हणते, "अरेरे, बिचारी, थोडंसुद्धा चालत नाही का?" लेक हसून मान हलवते. पाच वर्षांत ती हसणंही तिनं पाठ केलं आहे.

तेव्हा निदान आपल्या घरी तरी कुणाला डबा आणायला लागू नये, असं तिला वाटलं. पाहुणे आठ, ती नववी. मी उत्साहानं आठही घरी फोन लावले. बडोद्यात आमच्या सोसायटीत शेजारी शेजारी किती हिंदुस्थानं राहतात ते मला त्या दुपारी कळलं.

वरच्या मजल्यावरची मैत्रीण जैन. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, काहीही कंदमूळ नाही. ओलं आलं नाही पण सुंठ चालते, ओली हळद नाही पण वाळलेली चालते. वाढदिवस ऑगस्टात, म्हणजे चातुर्मास, म्हणून कोथिंबीर नाही, कढीपत्ता नाही. आदल्या रात्री करून ठेवलेलं वासी चालत नाही. आणि खाणं सूर्यास्ताच्या आत. दुसरी मैत्रीण मुसलमान. तिच्या आईनं दोनच गोष्टी सांगितल्या : जेलीत जिलेटिन नको आणि केकमध्ये दारूत काढलेला इसेन्स नको. शाळेतला एक मित्र तमिळ, त्याला दुधाची अ‍ॅलर्जी. "लॅक्टोज पचत नाही तसं का?" मी विचारलं. "नाही, दुधातलं प्रथिनच चालत नाही. तूपसुद्धा नको." जुळ्या बहिणी वैष्णव, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, तीही अशी की एकदा दवाखान्यात धावावं लागलेलं. आणि एकाला टाइप वन मधुमेह.

त्या शेवटच्या आईला मी घाईनं म्हटलं, "काळजी करू नका, त्याच्यासाठी बिनसाखरेचं वेगळं करते." ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "वेगळं नका करू. तो सगळं खातो. फक्त कशात किती आहे ते मला सांगा, म्हणजे इन्सुलिन किती द्यायचं ते मी ठरवीन." वेगळं नका करू. मीही पाच वर्षं हेच म्हणायला हवं होतं, मला एकदाही सुचलं नव्हतं.

आठवं आमंत्रण आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेनच्या नातीचं. तिच्याबद्दल पुढे सांगते.

यादी फ्रिजवर लावली आणि खोडायला बसले. गहू, मैदा, रवा गेला. दूध, दही, लोणी, तूप, चीज गेलं. अंडं गेलं. शेंगदाणे गेले, आणि गुजरातेत शेंगदाणे जाणं म्हणजे सिंगतेल जाणं. इथे फरसाणाच्या दुकानांत कढईत ते असू शकतं. म्हणजे बाहेरचं तळलेलं सगळं गेलं. डाळं आणून चिवडा करावा तर भट्टीवाला ज्या तापलेल्या वाळूत चणे भाजतो तिच्यातच शेंगदाणे भाजतो. पाकिटांवरचा हिरवा ठिपका उपयोगाचा नाही. तो फक्त एवढंच सांगतो की आत मांस-मच्छी-अंडं नाही. दूध हिरव्या ठिपक्यात बसतं, मैदाही बसतो. त्याखालची बारीक अक्षरातली अ‍ॅलर्जीची ओळ भिंग लावून वाचावी लागते.

मला माझी वाईची आजी आठवली. ती सोवळ्यात स्वयंपाक करायची. धाबळी काठीनं उंच दांडीवर वाळत घालायची, पहाटे काठीनंच काढायची. आम्ही नातवंडं उंबऱ्याशी आलो की आतून आवाज यायचा, "शिवू नकोस गं." कुठलं पातेलं कुठल्या फळीवर, कशाला खरकटं लागतं, कशाला लागत नाही, कुठल्या हातानं मीठ घ्यायचं, याचं तिचं एक अख्खं शास्त्र होतं. लेकीच्या निदानानंतर डॉक्टरांनी मला नियम सांगितले : तिचा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, चाळणी वेगळी, तिचं आधी करायचं मग बाकीच्यांचं, मैद्याचा हात तिच्या डब्याला लावायचा नाही. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे तर मला पाठ आहे. गिरणीत आधी गहू दळलेला असतो म्हणून आम्ही घरघंटी घेतली, तीत गहू कधीच पडत नाही. माझ्या आजीनं त्या घरघंटीला कौतुकानं हळदकुंकू वाहिलं असतं.

इतकं करूनही पहिल्या वर्षी लेकीच्या रक्ताच्या तपासणीतला आकडा उतरेना. पोट फुगलेलं, केस विरळ. सासूबाई रोज तिच्यासाठी मुगाचं वरण आपल्या हातानं करत. डॉक्टर म्हणाले, घरातलं सगळं काढून टेबलावर मांडा. मांडलं. शेवटी हिंगाची डबी निघाली. बाजारातला बांधणीचा हिंग नुसता हिंग नसतो, तीव्रपणा कमी करायला त्यात पीठ मिसळतात, आणि पुष्कळदा ते गव्हाचं असतं. रोजच्या फोडणीतून ते तिच्या पोटात जात होतं. सासूबाई डबी हातात धरून कितीतरी वेळ बसून होत्या. "अगं, मी तिला बरं वाटावं म्हणून जरा जास्तच घालत होते," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर आमच्याकडे खडा हिंगच येतो, आणि तोही त्या हातात घेतल्यावर दोनदा वास घेऊन पाहतात, जणू वासावरून गहू कळणार आहे.

या आजाराचं मूळ गव्हात आहे हे डॉक्टरांनाही फार पूर्वी माहीत नव्हतं. हॉलंडमधले विलेम-कारेल डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ बरीच वर्षं गव्हावर संशय धरून होते. 1944-45च्या हिवाळ्यात तिथे युद्धामुळे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले, आणि इतर मुलं खंगत असताना ही मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. जगाच्या उपासमारीत यांना बरं वाटावं, हे वाचून मला कसंसंच झालं होतं. पण आमच्या घरात त्याचं एक सौम्य रूप दर महिन्याला घडतं. एकादशीला. त्या दिवशी घरात गव्हाला कुणी हात लावत नाही. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा. ताटात जे सगळ्यांना तेच लेकीला. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण तिच्याइतकी मनापासून कुणी पाळत नसेल. दिवाळीपेक्षा तिला आषाढी एकादशी आवडते.

तेव्हा वाढदिवसाचा रस्ता उपासाच्या फळीवरूनच जाणार होता. फक्त आपला उपास शेंगदाण्याच्या कुटावर उभा आहे, ते कूट काढायचं होतं.

राजगिरा कढईत मूठमूठ फुलवून गुळाच्या पाकात लाडू वळायचे ठरलं. विकतचे नकोत, ते चिक्कीच्याच कारखान्यात होतात. हाताला तुपाऐवजी खोबरेल. 100 ग्रॅम राजगिरा, 150 ग्रॅम गूळ, 15 लाडू. म्हणजे एका लाडवात 10 ग्रॅम गूळ, हे चिठ्ठीवर लिहून मधुमेहवाल्या मुलाच्या आईला पाठवलं. तिखटाला खमण : घरघंटीवर दळलेलं बेसन, दह्याऐवजी लिंबूफूल, खायचा सोडा, वरून सूर्यफुलाच्या तेलात मोहरी, तीळ आणि मिरची. हिंग नाही, कढीपत्ता नाही, कोथिंबीर नाही. सासूबाई म्हणाल्या, "याला खमण म्हणायचं की खमणाचा फोटो?" पण ओला नारळ भुरभुरवल्यावर त्यांनी आणखी दोन तुकडे घेतले. जेली चायनाग्रासची. ती समुद्री शेवाळापासून होते, तिला हाडांचं जिलेटिन लागत नाही आणि फ्रिजबाहेरही तासाभरात थिजते, म्हणजे वासी होण्याचा प्रश्न नाही. एक थर गोड कोकमाचा लाल, एक नारळाच्या दुधाचा पांढरा. खरं तर मी मीठ-लसूण काढून सोलकढीच थिजवली होती.

केकनं मात्र जीव खाल्ला. पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, कारण गव्हाच्या पिठात जो ताण असतो तो दुसऱ्या पिठांत नसतो. केकचा डोलारा त्याच ताणावर उभा राहतो, नाहीतर अंड्यावर. माझ्याकडे दोन्ही नाही. तांदळाच्या पिठाचा पहिला केक सुरी लावताच रांगोळीसारखा पसरला. दुसरा उपमा झाला. तिसऱ्या रात्री सासऱ्यांनी झोपण्याआधी नेहमीप्रमाणे इसबगोलाचा डबा काढला, पाण्यात दोन चमचे टाकले आणि त्या पेल्यात घट्ट लगदा होताना मी पाहत राहिले. इसबगोल आमच्या गुजरातचाच, उंझ्याची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध. दुसऱ्या दिवशी केळं, गूळ, नारळाचं दूध, तांदळाचं आणि नाचणीचं पीठ, वेलची आणि दोन चमचे इसबगोल. केक फुगला फारसा नाही, पण सुरीला धरून राहिला. "नऊ मुलांची पोटं साफ होतील," सासरे म्हणाले.

आता बेनबद्दल.

बेन आमच्याकडे माझ्या लग्नाच्या आधीपासून पोळ्या-भांडी करतात. मी त्यांना बेन म्हणते, त्याही मला बेन म्हणतात. इथली रीतच आहे ती, अर्थ बहीण. लेकीचं निदान झालं त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातली वरची फळी रिकामी केली, तिच्यावर लाल फीत बांधलेली भांडी मांडली आणि बेनना म्हणाले, "आजपासून या फळीला तुम्ही हात लावायचा नाही. ही भांडी मीच घासीन."

त्या बरं म्हणाल्या. महिनाभर काही बोलल्या नाहीत. एका दुपारी लेक रडत होती, भूक लागली होती, माझी ऑफिसची मीटिंग चालू होती. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "बेन, एने मारा हाथनुं नहीं चाले?"

तिला माझ्या हातचं चालणार नाही का?

मी लेकीच्या शाळेला डॉक्टरांचं दोन पानी पत्र दिलं होतं. बसच्या काकांना समजावलं होतं. सोसायटीतल्या बायकांना, नणंदेला, नाचाच्या क्लासमधल्या बाईंना, सगळ्यांना मी ग्लुटेन म्हणजे काय ते सांगितलं होतं. ज्या बाई माझ्या घरात रोज दोन तास गव्हाची कणीक मळत होत्या, त्यांनाच फक्त सांगितलं नव्हतं. त्यांना हुकूम दिला होता. आणि 'हात लावू नका' याचा अर्थ त्यांनी तोच घेतला, जो त्यांच्या आईनं, आजीनं घेतला असेल. तो घ्यायला त्यांच्यापाशी कारणही होतं. आमच्या ओट्याखाली, सिंकच्या शेजारी एक स्टीलचा कप असतो. बेनचा चहाचा कप. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो तिथेच आहे. बाकीचे कप वर मांडणीत. कुणी कधी काही बोललं नाही, मीही नाही. माझ्या स्वयंपाकघरात दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. एकीचं कारण डॉक्टरांच्या पत्रात होतं. दुसरीचं मी कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

आम्ही लेकीला कमाटीबागेत फिरायला नेतो. 1917 साली डॉक्टर आंबेडकर परदेशी शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी या शहरात आले, जात कळल्यावर त्यांना राहत्या जागेतून बाहेर काढलं, दुसरीकडे कुठेही आसरा मिळेना, तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते याच बागेत बसून होते. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना ही गोष्ट सांगते, चांगली रंगवून सांगते. घरी आल्यावर चहा टाकते. पाहुण्यांना वरचे कप.

त्या दुपारी मी मीटिंग सोडली आणि बेनना खाली बसवून सगळं सांगितलं. कणीक म्हणजे काय, ती नखात कशी राहते, लेकीच्या पोटात जाऊन काय करते. त्या ऐकत होत्या. मग उठल्या, कोपरापर्यंत हात साबणानं धुतले आणि विचारलं, "बाजरी चाले?" बाजरी चालते. त्यांनी लाल फितीच्या परातीत बाजरीचं पीठ मळलं आणि दोन तळव्यांमध्ये थापून असा पातळ रोटला केला, जो मला आजवर जमलेला नाही. तेव्हापासून आमच्याकडे आल्या की त्या आधी लेकीचा रोटला करतात, मगच गव्हाला हात लावतात. हे मी सांगितलेलं नाही. त्यांनीच ठरवलं.

म्हणून आठवं नाव लेकीनं स्वतः घातलं. बेनची नात, वय आठ. मी बाकी सगळ्यांसारखंच त्यांनाही विचारलं, "तिला काय चालत नाही?" बेन हसल्या. "एने बधुं चाले," म्हणाल्या. तिला सगळं चालतं. आठांतला तो एकच पाहुणा तसा होता, आणि आमच्या सोसायटीत कुणाच्याही वाढदिवसाला तिला आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

वाढदिवस चारला सुरू झाला, सूर्य मावळायला भरपूर वेळ होता. पाऊस होता म्हणून सगळे दिवाणखान्यातच. डबा कुणीच आणला नाही. मुलांना मेन्यूमागचं गणित कळण्याचं कारण नव्हतं, त्यांनी फक्त खाल्लं. दुधाची अ‍ॅलर्जी असलेला मुलगा केक कापला जाताना सवयीनं मागे जाऊन उभा राहिला होता. लेकीनं त्याला हाताला धरून पुढे आणलं आणि पहिला तुकडा त्याला दिला. तो आईकडे बघायला लागला. आईनं मान डोलावल्यावर त्यानं तो दोन्ही हातांनी धरून खाल्ला. त्याची आई जरा वेळ गॅलरीत जाऊन पाऊस बघत उभी राहिली. मधुमेहवाल्यानं जाहीर केलं की तो तीन लाडू खाणार, त्याच्या आईनं चिठ्ठी काढली, हिशेब केला आणि सुई दिली. इतर मुलं भोवती गोळा होऊन पाहत होती. "दुखतं?" बेनच्या नातीनं विचारलं. "रोजचंच आहे," तो ऐटीत म्हणाला. जेली पहिल्यांदा संपली. खमण थोडं उरलं. केकबद्दल जुळ्यांतली एक म्हणाली, "आंटी, मस्त आहे, पण केकसारखा नाही लागत." खरंच नव्हता लागत.

सगळे गेल्यावर मी चहा टाकला. आम्ही, सासू-सासरे, बेन. मी पाच कप मांडणीतले काढले, पाचही सारखे. बेननी आपला चहा घेतला, जमिनीवर नातीशेजारी बसून प्यायल्या. कुणी काही बोललं नाही. सासूबाई कपाकडे पाहत होत्या एवढं मला दिसलं. मग त्यांनीच उरलेलं खमण बेनच्या नातीला डब्यात भरून दिलं, आणि लेक ओरडली, "आजी, आज डबा नाही!" सगळे हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर बेन येऊन गेल्या होत्या. भांडी घासून पालथी घातलेली. लाल फितीची परात आपल्या फळीवर. पाच कप धुऊन वर मांडणीत. आणि स्टीलचा कप, ज्यात आदल्या दिवशी कुणी काही प्यायलं नव्हतं, तोही लख्ख घासून त्यांनी पुन्हा सिंकशेजारी ठेवला होता.

मी तो उचलून वर ठेवला. संध्याकाळी तो पुन्हा खाली होता. याला आता चार महिने झाले. मी वर ठेवते, कुणीतरी खाली ठेवतं. बेन की सासूबाई, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारणार आहे.